फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट: दर बांधून मिळतो, पण कशाच्या मोबदल्यात?

परदेशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांना बँका आणि पेमेंट कंपन्या चलनाच्या ज्या सेवा विकतात, त्यांत फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट सर्वांत साधा. आज दर ठरवायचा आणि चलनाची देवघेव पुढच्या ठरलेल्या तारखेला करायची. वेगळी फी नाही, आधी भरायचा प्रीमियम नाही. इतकं सोपं प्रकरण असूनही त्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी भलत्याच जागी बोट ठेवतात. लोक ज्याला खर्च समजतात तो खर्च नसतो, आणि खरा खर्च बिलावर कुठेच छापलेला नसतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. ऑर्डर पक्की, रक्कम पक्की आणि पैसे येण्याची तारीख बऱ्यापैकी पक्की असेल, तर यापेक्षा स्वस्त संरक्षण बाजारात मिळत नाही. या तिन्हींपैकी एक जरी डळमळीत असेल तर फॉरवर्ड स्वतःच नवी जोखीम होऊन बसतो. शिवाय त्याच्याही आधीचा निर्णय, म्हणजे बीजक कोणत्या चलनात काढायचं हा, चुकला असेल तर फॉरवर्ड कितीही बारीक दरात मिळो, मालाचा भाव मुळातच चुकलेला राहतो. म्हणून सुरुवात तिथून.

बीजकाचं चलन

पर्याय तीनच: विक्रेत्याचं चलन, खरेदीदाराचं चलन, किंवा दोघांचंही नसलेलं तिसरं. विक्रेत्याचं चलन १० टक्क्यांनी घसरलं असं धरू. बीजक त्याच चलनात असेल तर खरेदीदाराला माल लगेच तितकाच स्वस्त पडतो. बीजक खरेदीदाराच्या चलनात असेल तर त्याला काहीच जाणवत नाही, वरचा पैसा विक्रेत्याच्या नफ्यात जातो. आणि बीजक डॉलरमध्ये असून दोघांपैकी कुणीच अमेरिकेत नसेल, तर विक्रेत्याच्या चलनाची घसरण खरेदीदारापर्यंत पोचतच नाही. त्याच्यासाठी महत्त्वाचा असतो तो त्याच्या स्वतःच्या चलनाचा डॉलरशी असलेला दर. चलन घसरलं की निर्यात आपोआप वाढते, हे पाठ्यपुस्तकातलं गणित इथेच अडतं.

प्रत्यक्षात युरोपाबाहेर डॉलरचंच बीजक सर्वाधिक चालतं. १९९९ ते २०१९ या काळात आशिया-पॅसिफिक देशांच्या निर्यातीत डॉलरमधल्या बीजकांचा वाटा ७४ टक्के होता, उत्तर-दक्षिण अमेरिकेत ९६ टक्के. युरोपात तेवढा युरो ६६ टक्क्यांनी पुढे होता. याचा परिणाम किती खोल जातो ते अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात दिसतं. डॉलर इतर सगळ्या चलनांसमोर १ टक्क्याने वधारला की अमेरिका सोडून उरलेल्या देशांचा आपापसातला व्यापार वर्षभरात सुमारे ०.६ टक्क्याने आक्रसतो. व्यवहार दोन शेजारी देशांत होत असतो आणि माल महागतो तो तिसऱ्याच देशाच्या चलनामुळे.

खुद्द अमेरिकेत येणाऱ्या मालाचं चित्र उलटं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, डॉलरमध्ये भाव लावलेल्या आयात मालात विनिमय दरातल्या बदलाचा साधारण २५ टक्के भागच किमतीत उतरतो. इतर चलनांत भाव लावलेल्या मालात हाच आकडा ९५ टक्के. विशेष म्हणजे भाव बदलायची वेळ आल्यावरसुद्धा हा फरक टिकून राहतो. म्हणजे बीजकाचं चलन ही लेखनिकाने कोपऱ्यात भरायची बाब नव्हे. दराचा धक्का कोण खाणार, हे तिथेच ठरतं.

निवड करताना दोन गोष्टी तपासायच्या: तुमचा खर्च कोणत्या चलनात आहे, आणि तुमचे स्पर्धक भाव कोणत्या चलनात लावतात. दोन्हींचं उत्तर एकच आलं तर प्रश्न मिटला. अडचण येते ती उत्तरं वेगळी आली की. एअरबसचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. विमानं डॉलरमध्ये विकायची कारण बाजारच डॉलरचा, आणि खर्चाचा मोठा भाग मात्र युरोत. त्यामुळे अशा कंपनीला वर्षानुवर्षं पुढचे डॉलर विकून ठेवावे लागतात. कोकोचं त्याहून गमतीचं आहे. तोच माल लंडनच्या वायद्यात पौंडांत आणि न्यूयॉर्कच्या वायद्यात डॉलरमध्ये. कोणत्या बाजाराच्या भावावर करार बांधला, यावर चॉकलेट करणाऱ्या कारखान्याची चलनजोखीम बदलते.

खरेदीदारांसाठी इथे एक चाचणी आहे आणि ती फुकट आहे: पुरवठादाराकडून एकाच वेळी दोन चलनांत कोटेशन मागवायचं. समजा युरोत कारभार करणाऱ्या आयातदाराला भाव आले १,००,००० डॉलर किंवा ९४,५०० युरो, पैसे ९० दिवसांनी. त्या दिवशीचा बाजारदर १ युरोला १.१००० डॉलर. या दराने १,००,००० डॉलरचे होतात ९०,९०९ युरो. म्हणजे “तुमच्याच चलनात भाव देतो, तुम्हाला कटकट नको” या सौजन्याची किंमत ३,५९१ युरो, जवळजवळ ४ टक्के. पुरवठादार लबाड असतो असं नाही. पुढच्या तीन महिन्यांची अनिश्चितता त्याने स्वतःच्या अंदाजाने भावात घातलेली असते, आणि अंदाज करताना कुणी स्वतःचं नुकसान करून घेत नाही. हेच काम फॉरवर्ड कितीत करतो, ते आता पाहू.

दर कसा बनतो

फॉरवर्डचा दर म्हणजे बँकेचं भाकीत, हा सर्वांत चिवट गैरसमज. फॉरवर्ड दर निघतो तो आजच्या स्पॉट दरावर, म्हणजे लगेचच्या देवघेवीच्या बाजारदरावर, दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक चढवून. डॉलरचं व्याज वार्षिक ५ टक्के, युरोचं ३ टक्के, मुदत ९० दिवस आणि वर्ष ३६० दिवसांचं धरलं, तर १.१००० ला १.०१२५ ने गुणायचं आणि १.००७५ ने भागायचं. उत्तर १.१०५५. वर चढलेल्या ५५ पिप्सना (एक पिप म्हणजे ०.०००१) डीलर फॉरवर्ड पॉइंट्स म्हणतात. ज्या चलनाचं व्याज जास्त ते पुढच्या तारखेला स्वस्त, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता डॉलर मिळणार असलेला, पण खर्च युरोत असलेला निर्यातदार घ्या. आजच्या दराने त्याच्या १,००,००० डॉलरचे ९०,९०९ युरो होतात, फॉरवर्ड दराने ९०,४५७. हा ४५२ युरोंचा फरक पाहून “बँकेने लुटलं” असं म्हटलं जातं. पण त्याच निर्यातदाराने आज ५ टक्क्यांनी डॉलर कर्जाऊ घेतले असते, ते स्पॉटला विकून युरो ३ टक्क्यांनी ठेवीत टाकले असते आणि ९० दिवसांनी गिऱ्हाइकाच्या पैशांतून कर्ज फेडलं असतं, तर त्याच्या हाती ९०,४६०च्या आसपासच पडले असते. तो व्याजाचा हिशेब आहे, बँकेची कमाई नव्हे. आयातदाराच्या बाजूने तर हेच पॉइंट्स फायद्याचे ठरतात.

बँकेची कमाई असते मार्जिनमध्ये, म्हणजे बाजारातल्या फॉरवर्ड दराला तिने लावलेल्या फरकात, आणि ती ऑल-इन, म्हणजे सगळं धरून सांगितलेल्या, दरात मिसळलेली असते. निर्यातदाराला १.१०५५ ऐवजी १.१०९५ चा दर दिला तर त्याला मिळतात ९०,१३१ युरो. गेले ३२६ युरो, म्हणजे ०.३६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ९० दिवसांसाठीचं हे मार्जिन वर्षाच्या हिशेबाने दीड टक्क्याच्या घरात जातं. तरीही वरच्या आयातदाराला हाच सौदा झकास आहे. ४० पिप्स मार्जिन देऊनही त्याला १.१०१५ चा दर मिळतो आणि १,००,००० डॉलर ९०,७८५ युरोंत पडतात. पुरवठादार मागत होता ९४,५००. डॉलरचा भाव स्वीकारून स्वतः फॉरवर्ड बुक केला तर वाचतात ३,७१५ युरो. दोन फोन आणि एक सही, एवढ्याच कामाचे.

मार्जिन कळावं म्हणून डीलरला तीन आकडे वेगवेगळे विचारायचे: स्पॉट, पॉइंट्स आणि ऑल-इन. विकायचं आहे की घ्यायचं ते आधी न सांगता दोन्ही बाजूंचा दर मागितला तर आणखी बरं. दुसऱ्या बँकेचा दर त्याच मिनिटाला हवा. सकाळचा एक आणि दुपारचा एक अशी तुलना निरर्थक, कारण मधल्या वेळात बाजार ४० पिप्स सहज हलतो. युरो-डॉलरला सर्वांत घट्ट दर मिळतो तो लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही उघडे असताना, म्हणजे लंडनच्या घड्याळाने साधारण दुपारी १ ते ५. शुक्रवारी न्यूयॉर्क बंद झाल्यानंतर ॲपवर दिसणाऱ्या दरात बहुधा शनिवार-रविवारची जादा गादी भरलेली असते.

सौदा झाल्यावर येणारं कन्फर्मेशन वाचल्याशिवाय सही करू नये. गफलती ठरलेल्या असतात. पहिली दिशेची: “आम्ही डॉलर विकतो” हे तुमचं वाक्य बँकेच्या कागदावर “ग्राहक युरो घेतो” असं येतं. गोष्ट एकच, पण रक्कम चुकून युरोत १,००,००० लिहिली गेली तर सौदाच वेगळा. दुसरी तारखेची: दोन्ही चलनांच्या केंद्रांत कामकाज असेल त्याच दिवशी देवघेव होते. ४ जुलैला डॉलर मिळत नाहीत. सुट्टी आली की तारीख पुढच्या कामाच्या दिवशी सरकते, मात्र सरकून महिना ओलांडणार असेल तर मागे येते. महिनाअखेरीच्या देण्यांसाठी फॉरवर्ड घेणाऱ्यांना हा नियम माहीत असलेला बरा.

तिसरी गफलत सर्वांत क्षुल्लक दिसते आणि सर्वांत जास्त वेळा घडते. गिऱ्हाइकाने १,००,००० डॉलर पाठवले, वाटेतल्या करस्पॉन्डंट बँकेने आपलं शुल्क कापलं आणि खात्यात आले ९९,९६५. फॉरवर्डमध्ये मात्र पूर्ण १,००,००० द्यायचे आहेत. उरलेले ३५ डॉलर स्पॉटला विकत घ्यावे लागतात, त्यावर वेगळं किमान शुल्क. यावर दोन उपाय. पेमेंट ‘ओयूआर’ पद्धतीने, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे, असं बीजकावर लिहून घ्यायचं. किंवा फॉरवर्डच बीजकाच्या रकमेपेक्षा थोडा कमी बुक करायचा.

कुठे मोडतो

फॉरवर्ड हे बंधन आहे. दर बाजूने गेला तरी पाळायचं, ऑर्डर उडाली तरी पाळायचं. या सेवेची सगळी दुखणी या एका गुणातून येतात.

निर्यातदाराची ऑर्डर ६० दिवसांनी रद्द झाली आणि तोवर डॉलर वधारून दर १.०६०० वर आला असं धरा. डॉलर येणार नाहीत, पण विकून ठेवलेले आहेत. ते बाजारातून परत घ्यावे लागतात. उरलेल्या ३० दिवसांचे १८ पॉइंट्स आणि पुन्हा ४० पिप्सचं मार्जिन धरून दर पडतो १.०५७८, म्हणजे १,००,००० डॉलरसाठी ९४,५३६ युरो. मिळणार होते ९०,१३१. खड्डा ४,४०५ युरोंचा, आणि माल गोदामातच. फॉरवर्ड न घेता ऑर्डर रद्द झाली असती तर चलनापायी एक पैसाही गेला नसता. डॉलर घसरला असता तर याच रद्दीकरणात नफाही झाला असता हे खरं, पण तो जुगार झाला. त्यामुळे नुसत्या कोटेशनवर, टेंडरवर किंवा “पुढच्या महिन्यात नक्की” अशा आश्वासनावर फॉरवर्ड बुक करू नये, याबाबत आमच्या मनात शंका नाही.

ऑर्डर रद्द झाली नाही, नुसतं पेमेंट लांबलं, तर रोलओव्हर करता येतो. बँक जुना सौदा त्या दिवशीच्या दराने मिटवते आणि नव्या तारखेचा सौदा उघडते. इथे फसगत होते ती रोख रकमेची. डॉलर वधारला असेल तर फरक आज खिशातून भरायचा आणि तो भरून निघणार गिऱ्हाइकाचे पैसे येतील तेव्हा. कागदावर नुकसान शून्य, बँकेत मात्र चणचण. जुन्याच दराने सौदा पुढे ढकलून द्या, अशी गळ काही जण घालतात. त्या सोयीला नीट चालवलेली बँक सहसा तयार होत नाही, कारण त्यात लपलेलं नुकसान म्हणजे प्रत्यक्षात एक कर्जच असतं.

तारीखच अनिश्चित असेल तर विंडो फॉरवर्ड घ्यावा. ६० ते ९० दिवसांमध्ये कधीही डॉलर द्या, दर एकच. फुकट अर्थातच नाही. त्या मुदतीतले तुमच्या दृष्टीने सर्वांत वाईट पॉइंट्स बँक लावते. वरच्या आकड्यांत ६० दिवसांचे पॉइंट्स ३६ आणि ९० दिवसांचे ५५ आहेत, म्हणजे निर्यातदाराला ५५च लागणार. पैसे ६०व्या दिवशीच आले तर १९ पिप्स, म्हणजे सुमारे १५५ युरो वाया. रोलओव्हरच्या कटकटीपेक्षा हे परवडतं. खिडकी मात्र गरजेपुरतीच ठेवावी. तीन महिन्यांची खिडकी मागणारे नाहक पैसे घालवतात.

आणखी एक अदृश्य किंमत आहे. बँक फॉरवर्डसाठी तुमच्या क्रेडिट लिमिटचा काही भाग अडकवते, आणि तेच लिमिट माल खरेदीसाठी लागणार असतं. बिगर-बँक कंपन्या लिमिट मागत नाहीत, त्याऐवजी रकमेच्या ५ ते १० टक्के ठेव मागतात आणि दर विरुद्ध गेला की मार्जिन कॉल, म्हणजे जादा ठेवीची मागणी, करतात. वरच्या उदाहरणात दर १.०६ ला पोचेपर्यंत ५ टक्के ठेव जवळजवळ संपलेली असते. ती भरली नाही तर सौदा नेमक्या वाईट दरात बंद होतो. अशा कंपनीत ठेवलेल्या पैशांना बँक ठेवींसारखा विमा सहसा नसतो. ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेले असतात, पण फॉरवर्डच्या ठेवीला ते संरक्षण लागू आहे की नाही, हे करारातच पाहावं लागतं.

इतकं असूनही फॉरवर्डची जी बाजू मजबूत आहे ती फार मजबूत आहे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरोला १.२० फ्रँकचा तळ बांधून दिला होता. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने तो अचानक काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. ‘१.१९ ला विका’ असे स्टॉप-लॉस आदेश लावून निर्धास्त बसलेल्यांचे सौदे कितीतरी खाली झाले, कारण मधल्या दरांना घेणारा कुणी नव्हताच. ज्यांनी फॉरवर्ड घेतला होता त्यांना बांधलेला दर मिळाला. ब्रेक्झिटच्या मतदानानंतर २४ जून २०१६ ला पौंड डॉलरसमोर एका दिवसात सुमारे ८ टक्के घसरला, तेव्हाही हाच फरक दिसला. स्टॉप-लॉस म्हणजे बाजाराला केलेली विनंती. फॉरवर्ड हा करार असतो.

शेजारचे पर्याय

टेंडरसाठी योग्य वस्तू म्हणजे ऑप्शन. ठरलेल्या दराने डॉलर विकण्याचा हक्क मिळतो, सक्ती नसते. टेंडर हातचं गेलं तर प्रीमियमवर पाणी सोडून मोकळं व्हायचं. प्रीमियमचा अंदाज डोक्यातल्या डोक्यात करता येतो. स्ट्राइक, म्हणजे ऑप्शनमधला ठरलेला दर, फॉरवर्ड दराइतकाच असेल तर ०.४ गुणिले वार्षिक अस्थिरता (दर वर्षात साधारण किती टक्के हलतो ते माप) गुणिले वर्षांत मोजलेल्या मुदतीचं वर्गमूळ. अस्थिरता ८ टक्के आणि मुदत पाव वर्ष असेल तर ०.४ × ८ × ०.५ = १.६ टक्के, म्हणजे ९०,००० युरोंवर साधारण १,४५० युरो. बँकेने ३ टक्के सांगितले तर तिथेच घासाघीस सुरू करावी. फॉरवर्डच्या ३२६ युरोंशी तुलना केली तर ऑप्शन महाग दिसतो. रद्द ऑर्डरच्या ४,४०५ युरोंशी केली तर स्वस्त.

प्रीमियम नको म्हणणाऱ्यांना ‘झिरो कॉस्ट’ नावाची रचना विकली जाते. साधा कॉलर ठीक आहे: खाली संरक्षण घ्यायचं, वरचा फायदा सोडून द्यायचा, दोन्ही प्रीमियम एकमेकांत वळते. पण बाजारापेक्षा चांगला दर, प्रीमियम शून्य आणि शिवाय अटींत ‘बॅरियर’ किंवा ‘दुप्पट रक्कम’ असे शब्द दिसले तर कागद परत करावा. दक्षिण कोरियात किको नावाचे करार असेच विकले गेले. डॉलर थोडा घसरला तर चांगला दर मिळायचा, खालची रेषा ओलांडली की संरक्षण गायब, आणि डॉलर वरच्या रेषेपलीकडे गेला की बहुधा दुप्पट डॉलर जुन्या दराने द्यायचे. २००८ मध्ये वॉन कोसळला आणि अनेक लहान निर्यातदारांकडे द्यायला तेवढे डॉलरच नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१३ मध्ये निकाल आला तो मुख्यतः बँकांच्या बाजूने. सही तुमची असते.

करन्सी फ्युचर्सबद्दल, म्हणजे एक्स्चेंजवरच्या ठरावीक रकमेच्या चलन करारांबद्दल, थोडक्यात: दर पारदर्शक, मार्जिन अगदी कमी. पण शिकागोच्या एक्स्चेंजवरचा युरोचा मुख्य करार १,२५,००० युरोंचा आणि मायक्रो १२,५०० चा असतो. ९०,४५७ युरोंसाठी सात मायक्रो घेतले तरी ८७,५०० च झाकले जातात. तारखा त्यांच्या, मार्जिनचा, म्हणजे एक्स्चेंजकडच्या ठेवीचा, रोजचा हिशेब तुमचा. हिशेबनीस पूर्णवेळ असेल तरच या वाटेला जावं. ज्या चलनांची देवघेव देशाबाहेर होऊ शकत नाही त्यांच्यासाठी एनडीएफ (नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड) असतो. त्यात मूळ चलन हलत नाही, ठरलेला दर आणि त्या दिवसाचा फिक्सिंग (जाहीर होणारा संदर्भ) दर यांतला फरक डॉलरमध्ये चुकता होतो. फिक्सिंग कोणतं आणि प्रत्यक्ष पैसे कोणत्या दराने बदलणार, यांत अंतर पडलं तर तेवढी जोखीम उरते.

मल्टी-करन्सी खातं हे मात्र फॉरवर्डच्या आधी उघडावं असं आहे. दर महिन्याला डॉलरमध्ये १,००,००० येतात आणि कच्च्या मालासाठी डॉलरमध्येच ६०,००० जातात, अशा कंपनीची उघडी जोखीम ४०,००० चीच. फॉरवर्डही तेवढाच लागतो. असं खातं नसेल तर आलेले सगळे डॉलर युरोत आणि त्यातले ६०,००० पुन्हा डॉलरमध्ये बदलताना दोन्ही वेळा ०.३६ टक्के मार्जिन जातं, सुमारे ४३५ डॉलर, तेही दर महिन्याला. खातं घेताना एक गोष्ट तपासायची: डॉलरचं पेमेंट डॉलर खात्यात उतरतं की वाटेत आपोआप बदलतं? बीजकावर चुकून मूळ खात्याचा क्रमांक छापलेला असेल तर बँक विचारत बसत नाही, स्वतःच्या दराने बदलून टाकते.

करारात दराचं कलम

दीर्घ मुदतीच्या पुरवठ्याला दोन-तीन वर्षांचा फॉरवर्ड महाग आणि जड पडतो. तिथे दर वाटून घेण्याचं कलम उपयोगी. मूळ दर १.१०००, त्याच्या ३ टक्के वर-खाली भाव बदलणार नाही, त्यापलीकडचा फरक निम्मा-निम्मा. दर १.१६६० झाला म्हणजे ६ टक्के बदल. पट्ट्याबाहेरचा भाग ३ टक्के आणि डॉलरमधला भाव वाढणार १.५ टक्के. उरलेली जोखीम दोघेही आपापल्या बाजूने झाकू शकतात.

हे कलम लिहिताना ‘त्या दिवशीचा बाजारदर’ असं मोघम लिहिलं की भांडण ठरलेलं. दर कुणाचा, किती वाजताचा, एका दिवसाचा की महिन्याची सरासरी, सुट्टी असेल तर आधीचा की नंतरचा, हे सगळं हवं. युरोपियन सेंट्रल बँकेचे संदर्भ दर अशा कलमांत सर्रास दिसतात. ते मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमाराच्या बाजारावरून काढतात आणि चारच्या सुमारास जाहीर करतात. बँक स्वतः ते माहितीपुरतेच असल्याचं सांगते, प्रत्यक्ष सौद्यांसाठी वापरू नका असंही बजावते. भाव सुधारण्यासाठी मासिक सरासरी म्हणून ते ठीकच आहेत. मात्र त्याच दराने डॉलर प्रत्यक्ष बदलून मिळतील असं धरून स्वतःच्या नफ्याचा हिशेब केला तर फरक खिशातून जातो.

व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दाखवल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर चलनाबाबत सैलपणा चालतच नाही. एलसीसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, म्हणजे यूसीपी ६०० च्या, कलम १८ प्रमाणे व्यापारी बीजक एलसीच्याच चलनात हवं, आणि कलम २८ प्रमाणे विम्याचा कागदही त्याच चलनात, वेगळं काही लिहिलं नसेल तर सीआयएफ किंवा सीआयपी (माल, विमा आणि वाहतूक मिळून) मूल्याच्या किमान ११० टक्क्यांचा. एलसी डॉलरची आणि विमा युरोत काढला, की कागद विसंगत ठरतात आणि पैसे अडतात. तिकडे फॉरवर्डची तारीख येते, डॉलर आलेले नसतात आणि रोलओव्हरचा फरक भरावा लागतो. मधेच चलन बदलायचं ठरलं तर एलसीच्या दुरुस्तीला उघडणारी बँक, कन्फर्म करणारी बँक असेल तर ती, आणि लाभार्थी अशा सगळ्यांची संमती लागते, प्रत्येक दुरुस्तीचं शुल्क वेगळं. हे टाळायचं तर चलन आणि विम्याची टक्केवारी प्रोफॉर्मा (सौद्याआधीच्या) बीजकावरच नक्की करून घ्यावी, आणि फॉरवर्ड एलसी हातात पडल्यावर, तिच्यावरची रक्कम आणि अखेरची तारीख पाहूनच बुक करावा.